झिजणारे भाग

नव्या वस्तूबरोबर एक कागद येतो. वस्तू नवी असते तोवर तो कोणी वाचत नाही. ती जुनी होऊ लागली म्हणजे तोच कागद हळूहळू वाचनीय होऊ लागतो, आणि वस्तू बंद पडली की माणूस तो पोथीसारखा पुढ्यात घेऊन, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला बसतो. आमच्या शाळेतल्या चुलीबरोबर आलेला असा एक कागद मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा वाचला आहे, की माझ्याच एखाद्या कादंबरीतला उतारा म्हणून दाखवा म्हणाल तर मी अडखळेन. पण त्या कागदाचे सहावे कलम झोपेतून उठवले तरी म्हणेन : 'जाळी, राखेचा कप्पा, हवेची झडप, ज्वलनकक्षाचे आतील अस्तर व तत्सम झिजणारे भाग वॉरंटीत समाविष्ट नाहीत.'

एवढे भाग चुलीतून वजा केले तर मागे काय उरते? बाहेरचा रंगवलेला पत्रा, उचलायच्या दोन कड्या आणि कंपनीचे नाव. म्हणजे चुलीत ज्या जागी जाळ असतो तेवढी जागा सोडून बाकी सगळ्याची हमी कंपनीने मोठ्या मनाने घेतली होती.

आमचे कळंब आंबेगाव तालुक्यातले, घोडनदीकाठचे, पुणे–नाशिक रस्त्यावरचे. हे आधी सांगून ठेवतो, कारण कळंब नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. एक धाराशिव जिल्ह्यात आहे, एक यवतमाळ जिल्ह्यात आहे, आणि या गोष्टीचा पुढे चुलीशी संबंध येणार आहे. माझी शाळा गावात नाही. रस्ता सोडून आत, उसाच्या शेतांमधल्या एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, एक पडवी आणि पडवीला लागून पत्र्याची स्वयंपाकाची खोली. पट सत्तेचाळीस. या सत्तेचाळीस तोंडांची खिचडी, आमटी-भात, कधी मटकीची उसळ असे सगळे एक बाई रांधतात. मुले त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. वय साठीकडे झुकलेले.

शाळेत गॅस नाही असे नाही. शेगडी आहे, सिलिंडरही आहे. पण पावसाळ्यात वस्तीचा रस्ता असा होतो, की सिलिंडरची गाडी फाट्यावरूनच परत जाते. आणि मुलांची भूक काही रस्ता वाळायची वाट पाहत नाही. त्यामुळे वर्षातले निदान चार महिने आमचा स्वयंपाक लाकडावर होतो. जळण पालक आणून टाकतात : बाभळीच्या फांद्या, तुरकाट्या, मक्याची बुरकुंडे. पूर्वी बायका उसाच्या कडेने हिंडून काटक्या वेचीत. आता आमच्याकडच्या उसात बिबटे कायमचे राहायला आले आहेत, आणि काटक्यांसाठी बाईमाणसाने एकटीने त्या बाजूला जाणे कोणाला पसंत नाही. एक लाकूड कमी लागले तर एक खेप वाचते, असा हा साधा हिशेब आहे.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा कारखान्याने आपल्या सामाजिक निधीतून ही चूल शाळेला दिली. पोलादी, कमरेएवढी उंच, खाली जाळी, आत नळकांड्यासारखा ज्वलनकक्ष, त्याभोवती उष्णता अडवणारे लिंपण, वर पातेले नीट बसेल असे कडे. देणारे साहेब आले, नारळ फुटला, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी मावशींनी पहिला जाळ केला आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन त्या पत्र्याकडे वर बघत उभ्या राहिल्या. मी विचारले, "काय झालं?" म्हणाल्या, "धूर कुठं गेला त्ये बघतीया."

धूर खरोखरच नव्हता. जिथे दोन मोळ्या लागत तिथे एक पुरू लागली. पातेल्यांची बुडे घासायला मावशींना अर्धा तास लागे, तो वाचला. स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे तिसरी-चौथीचा वर्ग भरतो. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून रोज अकरा वाजता धुराचा लोट आत येई आणि मुले डोळे चोळीत पाढे म्हणत. तेही थांबले. आणि मावशींचा खोकला, जो आम्ही शाळेच्या घंटेसारखा गृहीत धरला होता, तो कमी झाला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यांना पूर्वीच सांगितले होते, की धुरापासून लांब राहा. त्यावर मावशींनी विचारले होते, "लांब म्हंजी कुठं?" या प्रश्नाला त्या चुलीने चौदा महिने उत्तर दिले.

पंधराव्या महिन्यात चूल बिघडू लागली. बिघडली म्हणजे एका दिवसात मोडली नाही. आधी जाळ पेटायला वेळ लागू लागला. मग धुराची एक बारीक रेघ दिसू लागली. मग एक दिवस मावशी म्हणाल्या, "मास्तर, चुलीचा दम कोंडलाय." ज्यांचा स्वतःचा दम कोंडतो त्यांनाच हे निदान इतके अचूक करता येते. चूल थंड झाल्यावर आम्ही जाळी बाहेर काढली. तिच्या सळया मध्यभागी खाली लोंबल्या होत्या, दोन एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि हात लावला की पापुद्रे सुटून पडत होते. आतल्या नळकांड्याला राखेच्या रेषेच्या वर हाताएवढा डाग पडला होता. तिथला पत्रा कागदासारखा झाला होता आणि एका जागी आरपार भोक होते.

शास्त्राचे माझे शिक्षण दहावीच्या पुस्तकापुरते. परंतु लोखंडाला गंज चढतो एवढे त्या पुस्तकात होते. पाण्याने वर्षभरात चढतो तसा गंज विस्तवात काही तासांत चढतो, हे मला चुलीने शिकवले. साधे पोलाद पाचसहाशे अंशांच्या पुढे तापले, की हवेतला प्राणवायू त्याला झपाट्याने खाऊ लागतो. वर खपली धरते, गार होताना खपली आकसते आणि सुटते, खालचे कोरे लोखंड उघडे पडते, उद्याच्या जाळाला पुन्हा तेच खाद्य. रोजचा एक स्वयंपाक म्हणजे एक खपली. गंजरोधी पोलादात क्रोमियम असते, साधारण शंभरात अठरा भाग; त्याचा एक अतिशय पातळ थर पृष्ठावर धरतो आणि आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. पण त्यालाही शत्रू आहेत. पाचट, धाटे असल्या शेतातल्या जळणाच्या राखेत पालाश आणि क्लोरीन बरेच असते, आणि ही खारी राख तापली म्हणजे तो थर पोखरते. जाळीचे दुखणे आणखी वेगळे. तिच्या फटींतून खालची गार हवा वर जाते. ती जाळाला श्वास देते आणि जाताजाता जाळीलाही थंड ठेवते. खालचा कप्पा राखेने भरला की हवा अडते, जाळ गुदमरतो आणि जाळी वरून विस्तव व खालून गरम राख अशा कात्रीत सापडते. मग ती लोंबणार नाही तर काय करणार? म्हणजे दोष एकट्या पोलादाचा नव्हता, एकट्या राखेचा नव्हता. चूल जळली ती चुलीसारखीच जळली.

हे सगळे मी त्या कंपनीच्या फोनवर सांगण्याचा प्रयत्न केला. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. कार्डावर फुकट बोलण्याचा एक क्रमांक होता, आणि तो खरोखर फुकट होता, कारण त्यावर बोलणे होतच नसे; नुसते संगीत ऐकू येई. चौथ्या दिवशी एक मुलगी बोलली. आवाज गोड, भाषा अदबीची. तिने चुलीचा अनुक्रमांक विचारला. अनुक्रमांकाची पट्टी कंपनीने चुलीच्या तोंडाशीच ठोकली होती आणि ती कधीच काळी ठिक्कर पडली होती. तिने बिल विचारले. बिल देणगीदाराच्या नावावर होते आणि देणारे साहेब बदलून गुजरातेत गेले होते. तिने विचारले, चुलीवर किती माणसांचा स्वयंपाक होतो? मी अभिमानाने सांगितले, सत्तेचाळीस मुलांचा. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, मग हा व्यावसायिक वापर झाला. त्याला वॉरंटी लागू नाही."

खिचडीचे आम्ही एक पैसाही घेत नाही, हे मी तिला सांगितले. तिने ते लिहून घेतले असावे. पुढे तिने फोटो मागवले, मी पाठवले. मग दुसऱ्या मुलीने तेच फोटो मागवले, मी तेच पाठवले. शेवटी एक पत्र आले. त्यात लिहिले होते, की हमी 'निर्मितीतील दोषांना' दोन वर्षे आहे. आपल्या चुलीत दोष नसून नैसर्गिक झीज आहे. कलम सहा पाहावे. सुट्या भागांची विक्री सध्या बंद असून नवीन मॉडेलवर सवलत मिळू शकेल.

या दिवसांत मावशी पुन्हा जुन्या चुलीवर आल्या होत्या. खोलीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, पातेले चढवले, फुंकणी हातात घेतली. अकरा वाजता धूर भिंत ओलांडून वर्गात आला आणि मुलांनी सवयीने डोळे चोळले. खोकलाही परत आला. पत्र घेऊन मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो आणि त्यांना मजकूर समजावून सांगितला. 'नैसर्गिक झीज' हे शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजी माज्यासारखंच की. माजीबी कुनी हमी घेतली न्हाई." त्यांनी हे हसत हसत म्हटले आणि फुंकणी तोंडाला लावली. मला मात्र तिथे उभे राहवेना.

आमच्या घरी मातीची चूल होती. ती आईने घातलेली. वारुळाची माती, घोड्याची लीद आणि भाताचे तूस एकत्र कालवून ती दोन-तीन दिवस मुरवायची, पायांनी तुडवायची, आणि मग एका दुपारी दार लावून चूल घालायची. शेजारी वैल, म्हणजे एका जाळावर आमटी आणि भाकरी दोन्ही. ही चूल किती वर्षे टिकली असे मी आईला विचारले असते, तर तिला प्रश्नच कळला नसता. कारण ती रोज रात्री चूल गार झाली, की राख काढी आणि सकाळी माती-शेणाच्या पाण्यात बुडवलेले फडके तिच्यावरून फिरवी. पोतेरे देणे म्हणतात ते हेच. चीर दिसली तर बोटाने माती भरी. भांडे टेकण्याचा उंचवटा झिजला तर त्यावर गोळा चढवी. आम्हांला वाटे, ही स्वच्छता आहे, सोवळे आहे, बायकांची रीत आहे. आज इतक्या वर्षांनी त्या कागदाचे सहावे कलम वाचताना माझ्या ध्यानात येते, की ती दुरुस्ती होती. काल जेवढी झिजली तेवढी आज भरून काढायची. मोडण्याची वाट पाहायचीच नाही. चूल जुनी कधी झालीच नाही, कारण तिच्यातली बरीचशी माती दरवर्षी नवी असे.

आईच्या चुलीला धूर होता, हे मात्र कबूल केले पाहिजे. तिचे डोळे त्याच चुलीपुढे अधू झाले. म्हणून मातीच्या चुलीची आरती ओवाळणाऱ्यांत मी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यांत बायका आणि लहान मुले किती असतील हे चुलीपुढे कोण बसते यावरून कोणीही सांगावे.

आणि हा धूर घालवण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला नाही असेही नाही. आपल्याच वर्ध्याला, मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योगाच्या परिवारात मगनचूल निघाली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजूंनी धुराडे असलेल्या चुलीवर एक पुस्तकच लिहिले. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला आणि तेवढ्यात देशभर तीन कोटींहून अधिक निर्धूर चुली बसवल्या गेल्या. आमच्या भागातही त्या आल्या होत्या. मी लहान असताना कितीतरी घरांच्या कौलांतून सिमेंटचे पाइप वर आलेले दिसत. पुढे पाइप तसेच राहिले आणि खालच्या चुली गेल्या. पाइपात काजळी साचली, ती काढायची कोणी हे ठरलेले नव्हते. धूर उलटा घरात येऊ लागला, तेव्हा बायकांनी चूल फोडली आणि जुनी घातली. बसवलेल्या चुलींचा आकडा कागदावर राहिला. फोडलेल्या चुलींचा आकडा कोणी ठेवला नाही.

पुढे ओडिशात एक मोठी पाहणी झाली. ती करणाऱ्यांत एस्थर डुफ्लो होत्या, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. धुराड्याच्या सुधारित चुली मिळालेल्या कुटुंबांचा त्यांनी एक-दोन नव्हे, चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बाईच्या छातीत जाणारा धूर खरोखर कमी झाला. पुढे तो फरक नाहीसा झाला. चुली नियमाने वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची देखभाल झाली नाही, मोडल्या त्या दुरुस्त झाल्या नाहीत. ही पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष वाचताना मला पंडितांच्या भाषेत मावशींचेच वाक्य दिसले. चुलीचा दम कोंडतो, आणि तो मोकळा करणारा माणूस जवळ नसतो.

आणखी एक उदाहरण पुण्याजवळचे म्हणून सांगतो. २००६ च्या सुमारास 'ऊर्जा' नावाची एक देखणी चूल बाजारात आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली विद्या, बीपी या बड्या तेलकंपनीचा पैसा, चुलीत लहानसा पंखा आणि जळायला शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या. चार लाखांवर घरांत ती गेली. पुढे तो धंदा पुण्याच्या एका कंपनीकडे आला. पण काडीकचऱ्याला दुसरी गिऱ्हाइके मिळाली, भाव चढले, गोळ्या महागल्या आणि घरोघरच्या त्या चुली बंद होत गेल्या. ज्या चुलीचे जळण किंवा जाळी शंभर कोसांवरून यावी लागते, ती चूल आपल्या घरात असली तरी तिचा जीव शंभर कोसांवर असतो. याउलट पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये काढलेल्या 'आरती' या संस्थेने साच्यावर चुली घडवायला गावोगावच्या माणसांना शिकवले. चूल घडवणारा गावातच असला म्हणजे चीर पडली तर त्याच्या दारात जाता येते, हा विचार मला आईच्या पोतेऱ्याच्या जवळचा वाटतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी जळकी जाळी पिशवीत घातली आणि मंचरच्या बाजारात एका लोहाराकडे गेलो. त्याने ती उलटसुलट पाहिली, खपली नखाने काढली आणि म्हणाला, "मास्तर, ह्याला दोनी अंगांनी जखडलंय. तापल्यावर लोखंड वाढतंय. जाईल कुठं? खाली वाकणारच." सव्वा वर्षात मला कोणी सांगितले नव्हते ते त्याने एका दमात सांगितले. त्याने बारा मिलिमीटरच्या चौकोनी सळया घेतल्या, एका टोकाला चौकटीत ठोकून बसवल्या आणि दुसरे टोक खाचेत मोकळे सोडले, म्हणजे तापल्यावर सळईला सरकायला जागा राहील. दोन सळयांमध्ये करंगळी जाईल एवढी फट. पैसे घेतले ते कंपनीला पाठवलेल्या रजिस्टर पत्रांच्या खर्चापेक्षा थोडे जास्त.

नळकांड्याचे काम त्याच्या हातातले नव्हते. ते कळंबला रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात झाले. तिथल्या पोराने बोअरला उरलेला जाड केसिंग पाइप शोधून काढला. त्याच्याकडे चकचकीत जस्त चढवलेलाही एक तुकडा होता. मला तोच छान दिसला आणि मी तो दाखवला. पोरगा म्हणाला, "तो नको. जस्त तापलं की त्याचा धूर विषारी. पोरांचा सैपाक हाये ना? काळाच टाकतो." कार्डावरच्या एकाही कलमात पोरांचा स्वयंपाक नव्हता. इथे तो न मागता आला.

चूल पुन्हा पेटली. धूर अगदी गेला असे म्हणणार नाही. पहिल्या दिवसाइतका गेला नाही. पण अकरा वाजता वर्गात येईनासा झाला.

आता हक्काचे. चूल चालू झाली म्हणून मी भांडण सोडले नाही, कारण त्या कंपनीच्या चुली मिळालेल्या शाळा आणखीही असतील आणि त्यांना लोहार सापडला असेलच असे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मी वाचून काढला. त्यात ग्राहक म्हणजे केवळ विकत घेणारा नव्हे. घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बिल साहेबांच्या नावावर असले तरी मावशी ग्राहक आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून मराठीत गाऱ्हाणे सांगता येते. मी सांगितले. वॉरंटी दोन वर्षांची, चूल पंधराव्या महिन्यात बिघडली, दोन्ही टोकांना जखडलेली जाळी हा झिजेचा नव्हे, निर्मितीचाच दोष आहे. हे लोहाराचे शब्द मी शुद्ध मराठीत घातले. त्याचा परिणाम झाला. कंपनीने 'सौजन्य म्हणून, कोणताही हक्क मान्य न करता' एक नवी जाळी पाठवली. ती आधी धाराशिवच्या कळंबला गेली, तिथे काही दिवस राहिली आणि मग आमच्याकडे आली. जाळी जुन्याच घडणीची होती, दोन्ही टोकांना जखडलेली. मावशींनी ती हातात तोलली आणि खिळ्याला टांगली. अडीअडचणीला असावी.

शाळेत जडवस्तूंची नोंदवही असते. तीत चूल 'एक नग' अशी लावलेली आहे आणि पुढच्या 'शेरा' या रकान्यात पूर्वी 'सुस्थितीत' असे लिहिलेले होते. आता मी तिथे जाळीचे माप, सळईची जाडी, लोहाराची खूण आणि नळकांड्याचा व्यास लिहून ठेवला आहे. माझी बदली झाली तर पुढच्या मास्तराला कार्ड शोधावे लागू नये.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की मावशी जाळी काढतात, हातोडीने खपली झाडतात आणि ती उलटी करून बसवतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील. हे त्यांना कोणी सांगितले नाही. जाळी बाहेर असते तेव्हा चौथीतली मुले पट्टी लावून मधल्या सळईची जाडी मोजतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. मिलिमीटर शिकवायला याहून चांगले साधन मला अजून सापडलेले नाही. बारा होती, आता साडेदहा आहे. पुढच्या दिवाळीला किती उरेल, याचा मुलांनी हिशेब मांडला आहे. उत्तर नऊ येते. आठावर आली की नवी करायची, असे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी लोहाराला आताच सांगून ठेवले आहे.

मावशींचा खोकला गेलेला नाही. तो आता जाणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण या पावसाळ्यात तो वाढला नाही.